शाखा बावीस, नेट रामभरोसे

कापडाची दोन दुकानं होती तोवर नेट म्हणजे किरकोळ खर्चाची एक ओळ होती. आता साताऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत बावीस फलक लागले, तसे काही शहाणे तुम्हाला नियोजनाच्या गोष्टी सांगू लागतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

कनेक्शन घ्यायचं काम त्या त्या शाखेच्या मॅनेजरवर सोडून मोकळे व्हा. तो चौकातल्या केबलवाल्याला बोलावेल, स्वतःचं आधार देईल, स्वतःचाच मोबाइल नंबर नोंदवेल आणि संध्याकाळपर्यंत लाइन चालू. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक घालायच्या भानगडीत पडू नका. १८ टक्क्यांचं क्रेडिट सोडल्यानं आपण काही भिकेला लागत नाही. पुढे हाच मॅनेजर चार पैसे जास्त मिळतात म्हणून समोरच्या दुकानात जाईल. मग एक दिवस लाइन बंद पडेल, तुम्ही कस्टमर केअरला फोन लावाल आणि तिकडून गोड आवाजात सांगतील, ‘नोंदणीकृत नंबरवर ओटीपी पाठवला आहे.’ तो ओटीपी समोरच्या दुकानात वाजेल.

काही लोकांना एक्सेलचं व्यसन असतं. शाखा, कंपनी, कस्टमर आयडी, प्लॅन संपायची तारीख, नोंदवलेला नंबर (तोही म्हणे हेड ऑफिसच्या सिमचा), लाइनमनचा फोन. बावीस ओळींचा एक तक्ता. एवढं बसून लिहायला वेळ कुणाला आहे? प्लॅन संपल्याचं तसंही कळतंच, शनिवारी संध्याकाळी, काउंटरवर रांग असताना.

दुसरी लाइन मात्र जरूर घ्या. फक्त ती कुठून येते ते विचारू नका. कंपन्या दोन, रंगीत जाहिराती दोन, पण दोघांची फायबर त्याच खांबावरून, त्याच गुलमोहराच्या फांदीला टेकून, त्याच शटरच्या फटीतून आत शिरलेली असली पाहिजे. म्हणजे गटाराच्या कामाला आलेला जेसीबी किंवा उंच गणपतीला वाट करून देणारा बांबू एका फटक्यात दोन्हींचा निकाल लावतो आणि कोणती कंपनी वाईट हा वाद उरत नाही. एक लाइन फायबरची आणि दुसरी सिमवरची, असं करणारे उगाच पावसाळ्याची मजा घालवतात.

दोन लाइनींचा राउटर आणलाच असेल, तर लाइन जिवंत आहे का हे तपासायला त्याला भिंतीवरच्या ओएनटीलाच (फायबर येऊन मिळते तो डबा) पिंग करायला, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघायला, लावा. खांबावर तार तुटून लोंबत असली तरी ओएनटी विजेवर मजेत असतो आणि इमानदारीत उत्तर देतो. राउटर म्हणतो, सगळं आलबेल. दुसरी लाइन रिकामी बसून राहते, भाडं चालू राहतं. याऐवजी ८.८.८.८ आणि १.१.१.१ असे बाहेरचे दोन पत्ते द्यायचे आणि दोघांकडूनही लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही तर लाइन बदलायची, हा अविश्वास आपल्या संस्कृतीत बसत नाही.

सिमवरची लाइन चालू झालीच, तर कॅमेरेही तिच्यावर सोडा. आठ कॅमेरे क्लाउडला जोडलेले, प्रत्येकी २ एमबीपीएस, म्हणजे अपलोडचे १६. दिवसाचा २ जीबी डेटा सतराएक मिनिटांत फस्त. त्यानंतर बिलिंग बंद, कार्ड मशीन गोल गोल फिरतंय, पण रिकाम्या ट्रायल रूमच्या दाराचं चित्रण मात्र सुखरूप. (साउंडबॉक्सला स्वतःचं सिम असतं, म्हणून दुकानात तेवढा एकटाच बोलत राहतो.)

राउटर डब्यातून निघेल तसाच लावा. बावीस ठिकाणी आतला पत्ता १९२.१६८.१.१, हेड ऑफिसलाही तोच. नंतर शाखा व्हीपीएननं (नेटमधून काढलेल्या खासगी बोगद्यानं) एकमेकींना जोडायचं ठरलं की चिपळूणच्या बिलिंग कॉम्प्युटरला हाक मारावी आणि ओ द्यावी तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या प्रिंटरनं. शाखा क्रमांक सातला १०.१०.७, आठला १०.१०.८ अशी वाटणी पहिल्याच दिवशी करायला दहा मिनिटं लागतात. नंतर करायला बावीस रविवार लागतात आणि रविवारी तर धंदा असतो.

स्थिर आयपीचंही, म्हणजे नेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्याचंही, तसंच. तो हेड ऑफिसला घेतला आणि सगळ्या शाखांनी आपणहून तिकडे बोगदा जोडला की काम भागतं. तुम्ही उलटं करा, हेड ऑफिसला शाखा शोधत पाठवा. शाखेच्या राउटरवर १००.६४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर बाहेरचा खरा पत्ता कंपनीनं शेकडो गिऱ्हाइकांत मिळून वापरायला ठेवलेला असतो. त्या दारावर बाहेरून कितीही ठोठावलं तरी कुणी उघडत नाही.

यूपीएस फक्त कॉम्प्युटरला. ओएनटी म्हणजे १२ व्होल्टचं किरकोळ डबडं, त्याला कशाला लाड? छोटा डीसी यूपीएस लावला तर ते तास-दोन तास चालतं, पण मग वीज गेल्यावर हातानं बिल लिहायची सवय मोडते.

ओएनटीत शिरणारी पिवळी बारीक तार शटरच्या चौकटीत काटकोनात दाबून बसवा. तारेतल्या प्रकाशाची पातळी उणे १९ डीबीएमवरून उणे २७ च्या खाली घसरली की ‘एलओएस’चा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लुकलुकतो. तेव्हा तक्रार करताना हा आकडा किंवा दिव्याचा रंग सांगू नका. ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगा. समोरचा राउटर बंद-चालू करायला सांगेल, तुम्ही कराल, दिवस जाईल.

लीज लाइन (फक्त आपल्यासाठी राखलेली लाइन) घेणार असाल, तर ती ९९.५ टक्के वेळ चालू राहील ही करारातली हमी फ्रेम करून लावा. उरलेला अर्धा टक्का म्हणजे ३० दिवसांत ३ तास ३६ मिनिटं. ती रविवारी पहाटे येणार की धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, हे करारात नसतं. भरपाईचं घड्याळ तक्रार क्रमांक मिळाल्यापासून चालू होतं, तेव्हा तो क्रमांक लिहून ठेवू नका. लाइनमन ओळखीचा आहे, त्याला व्हॉट्सॲपवर हात जोडलेले पाठवले की झालं.

आणि एखादी शाखा बंद केलीत, तर फलक उतरवा, कुलूप लावा, कनेक्शनला हात लावू नका. ओएनटी परत करून पावती घ्या, अनामत मागा, बँकेतलं ऑटो-डेबिट थांबवा, हे सगळं कोण करत बसणार? बिल दरमहा आपोआप जात राहील. गाळ्यात पुढे मोबाइल दुरुस्तीवाला येईल आणि त्याला कुणाला विचारावंही लागणार नाही. वायफायचा पासवर्ड काउंटरमागच्या भिंतीवर स्केचपेननं लिहिलेलाच आहे.