गोदावरीने पाठ फिरवली, म्हणून आपणही फिरवायची का?

नाशिकची असून तुम्हाला शिडाच्या होडीचे वेड कसे लागले, असे मला गेली तीस वर्षे लग्नकार्यांतसुद्धा विचारले जाते. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. ब्रह्मगिरीवरच्या उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असताना आपली गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या काठच्या माणसाने समुद्राचे नाव तरी का काढावे, असे कोणालाही वाटेल.

अकराव्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला मामाकडे गेले होते. मामा गोदीत नोकरीला होता आणि त्याच्या ओळखीने मला मुलांच्या नौकानयनाच्या वर्गात जागा मिळाली. पहिल्या दिवशी आम्हाला होडी चालवायला नव्हे, तर उलटवायला शिकवले. कलंडलेल्या होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभे राहायचे, काठ घट्ट धरायचा आणि अंगाचा सगळा भार मागे टाकायचा. मग पाण्यात झोपलेले शीड निथळत वर उठते. त्या दिवशी मी तीनदा खारे पाणी प्यायले आणि भीती गेली. आमचे शिक्षक सारखे म्हणत, “पोरी, वारा मानेला विचार.” वारा कुठून येतो हे मान आणि कान डोळ्यांच्या आधी सांगतात, हे कळायला मात्र मला दोन सुट्ट्या लागल्या.

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, हे तेव्हाच समजले. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन राखून आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने असे नागमोडी पुढे सरकावे लागते. फुगलेले शीड पंखासारखे ओढ निर्माण करते, पाण्यातली फळी होडीला आडवे घसरू देत नाही आणि या दोहोंच्या ओढाताणीतून होडी पुढे जाते. इतके पदार्थविज्ञान मला शाळेत कोणी शिकवले नव्हते.

पुढे दरवर्षी हिवाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या नौकेवर खलाशी म्हणून जात राहिले. मुंबई ते गोवा हा माझा पहिला लांबचा प्रवास; दोन रात्री आणि तीन दिवसांचा. त्या ऋतूत कोकण किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून वायव्येचा वारा लागतो आणि रात्री जमीन गार झाली की मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटते, त्यामुळे दिवसा थोडे बाहेर राहायचे आणि रात्री किनाऱ्याजवळ सरकायचे असा हिशेब असतो. चार-चार तासांच्या पाळ्या होत्या. खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचा दिवा मागे दिसेनासा झाला तेव्हा पोटात कालवले, हे कबूल करते. लाटांपेक्षा जास्त धास्ती मला अंधारात पसरलेल्या मासेमारीच्या जाळ्यांची वाटली, कारण ती सुकाणूत अडकली की भर काळोखात पाण्यात उतरण्यावाचून गत्यंतर नसते.

एवढ्या अनुभवावर माझे मत असे झाले आहे की लांबच्या सफरीचा पाया समुद्रात नव्हे, तर आमच्या नाशिकच्या गंगापूर धरणासारख्या पाण्यावर उत्तम घातला जातो. भोवतीच्या टेकड्यांमुळे तिथला वारा क्षणात वळतो, पडतो आणि झोताने परततो. समुद्रावर तासभरात जितकी शिडे ओढावी लागत नाहीत, तितकी इथे दहा मिनिटांत ओढावी लागतात. जेमतेम २.३ मीटर लांबीच्या ‘ऑप्टिमिस्ट’ होडीत पंधरा वर्षांखालचे मूल एकटे बसून हे सारे शिकू शकते. आपण मात्र जलक्रीडा म्हटले की इंजिनाच्या होडीत बसवून एक फेरी मारून आणतो. मुलांना त्यातून केस विस्कटण्याचा आनंद मिळतो, शिकायला काहीच मिळत नाही. शिवाय हे शहराच्या पिण्याचे पाणी आहे. त्यावर तेल सांडणारे यंत्र हवे की कापडाचे शीड, याचा विचार करायला तज्ज्ञ लागत नाही.

“आपल्याकडे समुद्र नाही” हे कारण मला पटत नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ सैन्यात जाऊन वल्हवायला शिकले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेले. त्यांचा खेळ वल्ह्यांचा, शिडाचा नव्हे, पण मुद्दा तोच. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. वाटेत त्यांनी चार बंदरे घेतली. पुढे त्याच ‘म्हादेई’वरून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फिरून आले. ती नौका गोव्यात बांधलेली आणि तिचे नावही नदीचेच. दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या अधिकारी ‘तारिणी’वरून २०२५ च्या मे महिन्यात दोघींनीच जगाला वळसा घालून परतल्या, तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवत होते.

गेल्या वर्षी मी एक जुनी छोटी होडी विकत घेतली आणि मुलांना शिकवण्यासाठी ती धरणात उतरवण्याची परवानगी मागितली. अर्ज परत आला, कारण ‘मोटर किती अश्वशक्तीची’ हा रकाना मी रिकामा सोडला होता. यंदा त्या रकान्यात ‘वारा’ असे लिहून अर्ज पुन्हा दिला आहे.