इरादा मोजला, वापर कुठे मोजला?

ई-बिझनेसवरच्या संशोधनामुळे ऑनलाइन ग्राहकाचं मन कळलं, असं मी वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. मला हे जरा घाईचं वाटतं. लोक नवी संगणक प्रणाली का स्वीकारतात, याचं संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं मॉडेल साधं होतं : प्रणाली उपयोगी वाटते का, आणि वापरायला सोपी वाटते का? पुढे त्यात एकेक घटक जोडून प्रबंधांचे ढीग लागले. बहुतेकांत तीच प्रश्नावली, तेच एक ते पाच किंवा सात गुण, आणि उत्तर देणारे बऱ्याचदा प्राध्यापकांच्याच वर्गातले विद्यार्थी! (मीही असे फॉर्म भरलेत, अर्धे न वाचता.) ‘वापरीन’ म्हणणं आणि खरंच वापरणं यांत केवढं अंतर असतं!

याउलट संशोधक रेझनिक आणि सहकाऱ्यांचा, ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवरचा २००६ चा प्रयोग बघा. एकाच विक्रेत्याने जुनी पोस्टकार्डं दोन प्रकारच्या खात्यांवरून विकली, एक ग्राहकांच्या चांगल्या अभिप्रायांमुळे नावाजलेलं आणि बाकीची नवी कोरी. नावाजलेल्या खात्याला सुमारे ८ टक्के जास्त भाव मिळाला. इथे कुणाला मत विचारलंच नाही, लोकांनी थेट पैसे मोजले. लेखात अशा प्रयोगांना एक ओळही मिळू नये?