‘बुढा सोंग करते’ म्हणणाऱ्यांनी हे पूर्ण वाचा

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. भाऊबंदांचा ग्रुप, कापसाच्या भावाचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा, अन् चौथा गावातल्या पोट्ट्यांचा. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यात लिहिलंय की मेंदू म्हणजे कॅमेरा, जन्मापासून सगळं रेकॉर्ड होते, काहीच पुसत नाही, म्हणून याददाश्त जाणं असं काही नसतेच. ज्याला चाळीस वर्षांआधीचं आठवते पण सकाळचं आठवत नाही तो सोंग करते. तशा माणसाची बुद्धीच गेलेली असते, त्याच्यासमोर काहीही बोला, पाच मिनिटांत विसरते. अन् उपाय काय, तर एक जोराचा धक्का द्या, सगळं परत येईल. खाली हात जोडलेले आणि ‘प्रत्येक घरात पोचवा’.

मी नाही पोचवणार. आमच्या घरात हे घडून राहिलं आहे म्हणून एकेका मुद्द्यावर बोलतो.

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. तीन वर्षांआधी पोळ्याच्या तोंडावर ताप आला, आम्हाला वाटलं डेंगू असेल, दुसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागले, तिसऱ्या दिवशी झटके आले, मग गाडी करून नागपूरला नेलं. मेंदूला सूज, हर्पीस नावाच्या व्हायरसनं. जीव वाचला. डॉक्टरीणबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून दाखवली, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला पांढरट डाग, अन् म्हणाल्या इथे हिप्पोकॅम्पस असतो, दोन्हीकडे एकेक, करंगळीपेक्षाही लहान, यांचे दोन्ही खराब झालेत, आता नवीन गोष्टी राहणार नाहीत. तेव्हा मला त्यातलं काही समजलं नव्हतं. घरी आल्यावर समजलं. मोठेबाबा दर दहा मिनिटांनी विचारतात, “सर्ज्याले पानी पाजलं काय रे?” सर्ज्या बैल दवाखान्याच्या खर्चासाठी विकला, त्याला तीन वर्षं झाली.

आता पहिले सोंगाचं घेतो, कारण सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आहे.

जुनं आठवणं अन् नवं न राहणं ही सोंगाची खूण नाही, ती या आजाराचीच खूण आहे, अन् जगाला हे माहीत होऊन जमाना झाला. फ्रान्सच्या रिबो नावाच्या अभ्यासकानं १८८१ सालीच लिहून ठेवलं की याददाश्त जाते तेव्हा ताजं आधी जाते, जुनं टिकते. पण पक्कं कळलं ते अमेरिकेतल्या एका पेशंटमुळे. हेन्री मोलेसन त्याचं नाव, पण तो जिवंत असेपर्यंत जगाला फक्त एच. एम. एवढंच माहीत होतं. त्याला मिरगीचा फार त्रास, औषधानं थांबेना, म्हणून १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, स्कोव्हिल नावाच्या सर्जननं मेंदूच्या दोन्ही बाजूंचा तोच आतला भाग काढून टाकला. फिट पुष्कळ कमी झाल्या, पण त्या दिवसापासून नवीन काही टिकेना. लहानपणचं आठवे, आईबाप आठवे, ऑपरेशनच्या आधीची काही वर्षं मात्र पुसट झाली, अन् पुढची सगळी उमर, म्हणजे २००८ साली ८२ व्या वर्षी वारला तोपर्यंत, जेवून उठला तर जेवल्याचं आठवत नसे. ब्रेंडा मिल्नर नावाच्या बाईंनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं, दर भेटीत त्यांना स्वतःची ओळख नव्यानं करून द्यावी लागे. पंचावन्न वर्षं कोण सोंग करते हो? कशासाठी करते?

मी घरी समजावतो ते असं. पीक वावरातून एकदम कोठीत जात नाही, आधी खळ्यावर येते, मळून, उपणून मग कोठीत. हिप्पोकॅम्पस म्हणजे ते खळं समजा. खळं गेलं तर कोठीतलं धान्य तसंच राहते, पण नवीन पीक आत यायचा रस्ताच बंद, अन् जे खळ्यावर पडलेलं होतं तेही गेलं. फरक एवढाच की मेंदूत हे खळ्यावरून कोठीपर्यंत जायला कधीकधी वर्षं लागतात. म्हणून मोठेबाबांना १९८०-८५ चं वावर, कोणत्या धुऱ्यावर कोणतं झाड होतं, कोणी किती बोंडं चोरून नेली हे सगळं सांगता येते, अन् नातीचं लग्न, जे आजाराच्या दीड वर्षाआधी झालं अन् ज्यात त्यांनी स्वतः पंगत वाढली, ते काहीच नाही.

अन् सोंग नाही याचा अजून एक पुरावा माझ्या डोळ्यासमोरचा आहे. मिल्नरबाईंनी एच. एम. ला एक काम दिलं होतं, आरशात पाहून चांदणीच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून पाहा, हात उलटाच जाते. त्याला तीन दिवस तेच काम दिलं, रोज त्याच्या हिशोबानं पहिल्यांदाच, हे आपण कधी केलं हे आठवतच नाही, पण चुका रोज कमी, तिसऱ्या दिवशी हात सफाईनं चालून राहिला. म्हणजे हाताला आठवते अन् माणसाला नाही. याददाश्त ही एक वस्तू नाही, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या जातीची असते, हे जगाला तिथून नीट कळलं.

आमच्याकडे हेच संडासचं झालं. घराच्या मागे संडास बांधला तो मोठेबाबांच्या आजारानंतर, म्हणजे त्यांच्या ‘कोठीत’ तो नाहीच. सुरुवातीला मी नाहीतर माझा भाऊ त्यांना रोज एकाच रस्त्यानं न्यायचो, ओसरी, मग नांदीच्या बाजूनं, मग सीताफळाचं झाड. दोन-अडीच महिने गेले. आता त्यांना दिवसा विचारा, “मोठेबाबा, संडास कुठी हाय?” तर म्हणतात, “आपल्या घरी कुठचा संडास, वावरात जा लागते.” अन् रात्री तीन वाजता उठून, अंधारात, सीताफळाच्या फांदीखाली मान वाकवून बरोबर तिथे जातात. मी कित्येकदा ओसरीवर पडल्या पडल्या पाहिलं आहे. ती फांदी पण नवीनच वाढलेली. सोंग करणारा माणूस रात्री तीनला, कोणी पाहत नसताना, असं करेल काय?

बुद्धी गेली म्हणणाऱ्यांनी हे ऐका. एच. एम. चा आयक्यू ऑपरेशननंतर सामान्य माणसाच्या वरच होता, ११२. त्याला एकदा ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला, पंधरा मिनिटांनी विचारलं तर बरोबर सांगितला, अन् कसं ठेवलं तर म्हणे फक्त ८ लक्षात ठेवायचा, तिघांची बेरीज १७, त्यातून ८ गेले ९ उरले, ९ चे दोन भाग ५ अन् ४, झालं ५८४. हे डोकं गेलेल्या माणसाचं काम आहे काय? पण लक्ष दुसरीकडे गेलं की मिनिटभरात आकडा तर गेलाच, आकडा दिला होता हेही गेलं. आमचे मोठेबाबा आजही कापसाच्या गाडीचा हिशोब तोंडी करतात, क्विंटल, किलो, कट्टी, हमाली सगळं धरून, फक्त भाव जुना लावतात.

आता कॅमेरा. हा मुद्दा आला कुठून ते मला पुष्कळ दिवस समजत नव्हतं, मग वाचता वाचता सापडलं. कॅनडात मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड नावाचे मोठे सर्जन होते, मिरगीच्या ऑपरेशनमध्ये पेशंटला जागं ठेवून मेंदूच्या वरच्या थराला बारीक करंट लावून पाहायचे, तेव्हा काही पेशंट म्हणायचे मला आईचा आवाज येऊन राहिला, गाणं ऐकू येऊन राहिलं. खुद्द पेनफिल्डनाही वाटलं की आत रेकॉर्डिंग आहे. पण त्यांनीच १९६३ साली छापलेले आकडे पाहा, कानाजवळच्या भागाला करंट लावलेले ५२० पेशंट, त्यातल्या फक्त ४० जणांना असं काही जाणवलं. ४८० जणांची टेप वाजलीच नाही, अन् ज्यांची वाजली त्यातलंही किती खरं घडलेलं अन् किती स्वप्नासारखं हे तपासायची सोय नव्हती.

उलट पेशंटांनी जे दाखवलं ते वेगळंच आहे. २००७ साली लंडनमध्ये हिप्पोकॅम्पस खराब झालेल्या काही पेशंटना सांगितलं, समजा तुम्ही समुद्राच्या वाळूवर पडले आहात, काय दिसते ते सांगा. आठवायचं काहीच नाही, नुसती कल्पना. तरी बहुतेकांना चित्र उभं करता येईना, नुसते तुकडे. टोरंटोला के. सी. नावानं ओळखला जाणारा पेशंट होता, १९८१ साली मोटरसायकलवरून पडून मेंदूला मार लागलेला. त्याला बुद्धिबळ खेळता येई, पण आजवर खेळलेला एक डाव आठवत नसे. टुलविंग नावाचे प्राध्यापक त्याला तपासत, त्यांनी विचारलं उद्या काय करणार, तर मन कोरं, जसं कालबद्दल कोरं तसंच उद्याबद्दल. म्हणजे आठवण ही रेकॉर्डिंग पाहण्यासारखी नाही, ती दर वेळी नव्यानं जुळवावी लागते, अन् ज्या सामानानं कालचं जुळवतो त्याच सामानानं उद्याचं जुळवतो. तेच मोडलं तर दोन्ही जाते.

हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही आली. कारण आमचे मोठेबाबा असे होते की रात्री जेवतानाच उद्याची पाच कामं सांगणार, कोणी डवरा धरायचा, कोणी फवारणीचं पाणी भरायचं, पाऊस आला तर काय, नाही आला तर काय. आता विचारलं “उद्या काय करा लागते मोठेबाबा?” तर समोर पाहतात अन् म्हणतात, “काई नाई.” आम्हाला वाटायचं आजारपणानं आळस भरला. तो आळस नव्हता.

‘त्यांच्यासमोर काहीही बोला, विसरते’ अन् ‘धक्का द्या’ या दोन मुद्द्यांनी आमच्या घरात खरं नुकसान केलं आहे म्हणून ते सोबतच सांगतो. हा मेसेज वाचून गावातलाच एक पोट्टा घरी आला, माझं लक्ष नव्हतं, अन् त्यानं मोठेबाबांना सांगितलं, “तुमचा सर्ज्या मेला.” पाहावं म्हणे याददाश्त येते काय. मोठेबाबा लहान लेकरासारखे रडले. दहा मिनिटांनी सर्ज्याचं काय ऐकलं ते गेलं, पुन्हा विचारलं पाणी पाजलं काय. पण त्या संध्याकाळी भाकर नाही खाल्ली, काहून नाही खात विचारलं तर म्हणे, “कसंतरीच वाटते, काहून ते समजत नाई.”

अमेरिकेत आयोवामध्ये २०१० साली यावरच अभ्यास छापला आहे. असेच पाच पेशंट, त्यांना दुःखाच्या सिनेमांचे तुकडे दाखवले. थोड्या वेळानं काय पाहिलं ते जवळजवळ काहीच आठवेना, पण दुःख तसंच राहिलं. गोष्ट गेली अन् जीव जळणं उरलं. माझ्या मते हे जास्त वाईट, कारण आपल्याला निदान माहीत असते की आपण कशासाठी रडून राहिलो.

अन् त्या पोट्ट्याचं पुढे काय, तर मोठेबाबांना त्याचं नाव माहीत नाही, तो कधी घरी आला हे आठवत नाही, पण तो दारात दिसला की काठी जवळ ओढतात अन् भिंतीकडे तोंड करतात. हेही नवीन नाही. स्वित्झर्लंडचे क्लापारेद नावाचे डॉक्टर, त्यांनी १९११ साली लिहिलं आहे, एका याददाश्त गेलेल्या बाईंशी हात मिळवताना त्यांनी बोटांत टाचणी लपवून टोचली. बाई ते विसरल्या. नंतर डॉक्टरांनी हात पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला, अन् का ते नीट सांगता येईना. असा प्रयोग करणं मला पटत नाही, पण त्या बाईंनी जे दाखवलं ते खरं आहे.

धक्क्यानं याददाश्त येते हे सिनेमातलं. मेलेला भाग दुसऱ्या माराने जिवंत होत नाही, दुसरा मार नवीन भाग मारते. हो, एक प्रकार असा असतो की अचानक काही तास माणूस तेच तेच विचारते अन् चोवीस तासांच्या आत आपोआप बरं होते, अशा एखाद्या केसमध्ये कोणी मधात लिंबू उतरवला असेल तर श्रेय लिंबाला जाते. पण म्हणून घरी वाट पाहत बसू नका, अचानक असं झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ताप आणि बडबड सोबत असली तर तासही घालवू नका, मेंदूज्वराचं औषध जितकं लवकर तितकं चांगलं, आमचे दोन दिवस डेंगू डेंगू करण्यात गेले. दारू पिऊन अन्न सोडलेल्या माणसाची याददाश्त बी-१ जीवनसत्त्व संपल्यानं जाते, अन् वेळेवर इंजेक्शन मिळालं तर पुष्कळ वाचते. बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं तरी विसराळूपणा येते अन् तो औषधानं सुधारते. बदाम खा, पण तपासणी करून खा.

यंदाही पोळ्याला मोठेबाबा तोरणाखाली उभे राहणार आहेत. झडत्या त्यांना अजून एकही ओळ न चुकता येतात, सूर लागला की थांबत नाहीत. फक्त भेटायला आले की “वळखलं काय मले?” असं विचारू नका. सगळे तेच विचारतात, अन् प्रत्येक वेळी त्यांचं तोंड पडते, मग कारण विसरतात अन् पडलेलं तोंड तसंच राहते. आधी आपणच सांगा, मी अमक्याचा पोरगा, तुमच्या धुऱ्याला लागून आमचं वावर. मग पाहा ते तुमच्या आबाजीची कोणती गोष्ट काढतात.