फर्मवेअर बंद, नियम चालू

आला ईमेल. अमेरिकेत आपली छोटी केबल कंपनी, सरकारी आपत्ती-इशारे टीव्हीवर दाखवणारा एक डबा नियमाने ठेवावाच लागतो, त्या डब्याच्या निर्मात्याचा. "आपल्या मॉडेलसाठी यापुढे फर्मवेअर मिळणार नाही." फर्मवेअर म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर. खाली नव्या मॉडेलचा चकचकीत फोटो आणि फोटोखाली बारीक अक्षरात, दरपत्रकासाठी संपर्क करा. किंमत छापायची लाज वाटते तेव्हाच लोक ही ओळ टाकतात.

डबा ठणठणीत आहे हो! २०१२ पासून रॅकमध्ये बसलाय, दर आठवड्याला चाचणी घेतो, पट्टी छापतो, त्याचा पंखासुद्धा कुरकुरत नाही. पण फेमा या सरकारी आपत्ती संस्थेच्या सर्व्हरवरून, कॅप नावाच्या ठरलेल्या साच्यात, इंटरनेटने येणाऱ्या संदेशावर डिजिटल सही असते. ती सही तपासायला डब्यात प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला मुदत असते आणि या मॉडेलात नवं प्रमाणपत्र फर्मवेअरमधूनच येतं. मुदत संपली की हा धडधाकट डबा एका कानाने ठार बहिरा. दुसरा कान एफएमवर लावलेला आहे, तो ऐकत राहील, पण एफसीसीला, म्हणजे प्रसारणावरच्या सरकारी नियामकाला, दोन्ही कान हवेत. उपकरण बिघडलं तर दुरुस्त करायला किंवा बदलायला ६० दिवस, त्यापुढे लेखी विनंती. बिघाड निर्मात्याने ईमेलवर जाहीर केला तर ते ६० दिवस कुठून मोजायचे, हे विचारायलाही वकीलच लागणार.

आणि हा डबा काय हौसेने घेतला होता? ३० जून २०१२ ही कॅपची मुदत होती, तेव्हा धावपळ करून जुना टाकला आणि हा घेतला. मग ३० जुलै २०१६ पर्यंत राष्ट्रीय संदेशाचा नवा स्थळसंकेत ओळखायचा हुकूम. तो संकेत म्हणजे सहा शून्यं. शून्य ओळखायलासुद्धा अपडेट! मग १२ डिसेंबर २०२३: रेडिओवरून इशारा आला तरी आधी इंटरनेटवर त्याचीच कॅप प्रत आहे का बघा, असेल तर ती दाखवा. पुन्हा अपडेट. दर खेपेला हेच ऐकवलं की खर्च 'माफक' आहे. माफक कोणासाठी?

कारण हा खर्च हेडएंडमागे लागतो, म्हणजे जिथे सिग्नल गोळा करून केबलने घरोघरी पाठवतात त्या प्रत्येक ठिकाणामागे. डबा, रिसीव्हर, अँटेना, स्विचिंग आणि तीन तास गाडी हाकत येणारा तंत्रज्ञ मिळून ८,००० डॉलर धरा. शहरातल्या हेडएंडमागे लाखभर घरं असतील तर घरटी आठ सेंट. नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांत १६० घरांचा हेडएंड असेल तर घरटी ५० डॉलर. त्यातली दहा-वीस घरं या वर्षी डिश लावणार किंवा स्ट्रीमिंगवर जाणार, म्हणजे उरलेल्यांवर अजून थोडं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

डिशवाल्यांचं तर विचारूच नका. उपग्रह टीव्हीला फक्त राष्ट्रीय इशारा बंधनकारक आहे. तालुक्यात टोर्नेडो आला तर ते त्यांच्यावर नाही. स्ट्रीमिंगवाल्यांना तर तेवढंही नाही. ग्राहक आपल्याकडून उठून त्यांच्याकडे जातो आणि भोंगा मात्र आपल्याच गळ्यात राहतो.

"पण पाच हजार ग्राहकांखालच्या केबलवाल्यांना सवलत आहे ना?" आहे. पूर्ण संदेश, आवाज आणि अक्षरं, एकाच वाहिनीवर दाखवला तरी चालतो. बाकी प्रत्येक वाहिनीवर चित्र तोडायचं आणि संदेश कुठल्या वाहिनीवर आहे ते आवाजात सांगत राहायचं. म्हणजे चाळीस मॉड्युलेटर (वाहिनीला तिच्या फ्रिक्वेन्सीवर चढवणारी यंत्रं) असतील तर चाळीसही ठिकाणी हात घालणं आलंच. एक तर प्रत्येक मॉड्युलेटरला सिग्नल बदलणारा आयएफ स्विच, नाहीतर कॉम्ब जनरेटर: सगळ्या वाहिन्यांच्या फ्रिक्वेन्सींवर एकच चित्र फेकणारा कंगवा, इशारा आला की ट्रंकचा, म्हणजे मुख्य केबलचा, अख्खा सिग्नल तोडून याच्याकडे वळवायचा. तो स्वस्त पडतो म्हणून छोटे तोच घेतात. मग टोर्नेडोच्या रात्री होतं काय, तर स्थानिक टीव्हीवर हवामानवाला रडारवर बोट ठेवून "या रस्त्याच्या उत्तरेला असाल तर आत्ता तळघरात जा" म्हणत असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपला कंगवा त्याच्यावर काळा पडदा टाकून परगण्याचं नाव वाचायला लागतो. फोन कोणाला येतात? स्टेशनशी लेखी करार करून त्याच्या बातम्या वगळता येतात, पण त्यासाठी कंगव्याचा तेवढा दात काढावा लागतो, म्हणजे फिल्टर, म्हणजे परत पैसे.

सूट मागा म्हणतात. आर्थिक अडचण आहे ना, मग अर्ज करा. अर्जाला काय लागतं? कुठल्या नियमातून सूट हवी आणि का, हे एक. गेल्या दोन वर्षांचे ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकं, शक्यतो लेखापरीक्षण केलेली, हे दोन. शक्यतो! १६० घरांच्या केबलचं ऑडिट करायला सीपीए (इथला सीए) जे बिल लावेल त्यात डब्याचा पहिला हप्ता निघेल. तिसरं, तुमच्या भागात इशारा देणारे इतर किती जण आहेत. आणि चौथं, माझं सर्वात लाडकं: तुमच्या ग्राहकांना संकटाचा धोका किती. आता कॅन्सस-ओक्लाहोमातल्या माणसाने इथे काय लिहावं? धोका कमी म्हटलं तर खोटं, जास्त म्हटलं तर सूट कशाला हवी? इतकं करून मिळते ती तात्पुरती. मुदत संपली की तोच डबा वाढलेल्या भावाने.

फेमाचं अनुदान होतं ना? होतं, सार्वजनिक प्रसारण केंद्रांसाठी. केबलवाला त्यात बसत नाही.

विषय निघालाच आहे तर खांबांचं भाडंही घ्या. एफसीसी खांबभाड्याला लगाम घालते म्हणतात, पण वीज सहकारी संस्था आणि नगरपालिका यांच्या खांबांना तो कायदा लागूच नाही. आणि खेड्यात खांब कोणाचे असतात? दर तीन वर्षांनी स्थानिक स्टेशनं पुनर्प्रक्षेपणाचा दर वाढवतात, तो वेगळाच. त्यांचे कार्यक्रम दाखवायचे पैसे आपण द्यायचे, त्यांच्यावर कंगवा पडला की शिव्याही आपणच खायच्या.

आणि तो मासिक चाचणीचा खेळ! विषम महिन्यांत सकाळी साडेआठ ते सूर्यास्त, सम महिन्यांत सूर्यास्त ते सकाळी साडेआठ. आल्यापासून ६० मिनिटांत पुढे पाठवायची. नाही आली तर का नाही आली हे शोधून नोंदवहीत लिहायचं. दरीत बसलेल्या हेडएंडला ज्या दोन स्टेशनांवर कान ठेवायला सांगितलंय त्यातलं एक डोंगरापलीकडे आहे. टॉवरवर यागी अँटेना चढवा, दिशा साधा, तरी धुक्याच्या पहाटे सिग्नल गायब. इशाऱ्याच्या सुरुवातीला कुठला, कुठे, कधी हे सांगणारं शीर्षक असतं, त्याचे तेच अंक तीनदा येतात, सेकंदाला ५२०.८३ बिटांच्या गतीने, त्यातले दोन तंतोतंत जुळले तरच डबा ते खरं धरतो. खरखर झाली की तिन्ही वेगवेगळे वाचतो आणि गप्प बसतो.

आता खरं बोलायचं तर, दर चुकलेल्या चाचणीला काही डोंगर जबाबदार नसतो. वॉशिंग्टनच्या सात पिढ्या उद्धरून झाल्यावर शिडीवर चढलं की केबलच्या टोकाच्या एफ-कनेक्टरमधून चमचाभर पाणी निघतं. पंधरा सेंटचं रबरी बूट बसवलं नव्हतं. कधी डब्याचं घड्याळच पुढे गेलेलं असतं. शीर्षकात दिवस आणि वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, त्यामुळे आत्ता आलेला इशारा डब्याच्या लेखी मुदत संपलेला ठरतो. घड्याळ आपोआप जुळवणारा एनटीपी सर्व्हर डब्यात भरायला दोन मिनिटं लागतात, पण ती काढणार कोण? पासवर्डाचंही तेच. २०१३ च्या फेब्रुवारीत मोंटानात एका टीव्ही केंद्राच्या डब्यात घुसून कोणीतरी 'मुडदे कबरीतून उठलेत' असा इशारा सोडला होता, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच होता. तेव्हा सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या संध्याकाळी आपला पासवर्ड बदलला, ते विचारू नका. फर्मवेअर मिळत नाही म्हणून गळा काढणाऱ्या या महाशयांनी, म्हणजे अस्मादिकांनी, आधीचं अपडेट आठ महिने डाऊनलोड्स फोल्डरमध्ये मुरवत ठेवलं होतं.

तरी राग जात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातही फोन एकदम कोकलले, लोक दचकले, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद झाले, संपलं. गल्लीतल्या केबलवाल्याला कोणी फॉर्म भरायला लावला नाही. इथे ४ ऑक्टोबरला पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी २:२० ला राष्ट्रीय चाचणी झाली, आणि मग एफसीसीचा फॉर्म दोन २४ तासांत, फॉर्म तीन ४५ दिवसांत, फॉर्म एक आधीच भरलेला हवा. शंभर माणसांच्या कंपनीत याला एक विभाग असतो. इथे जो खांबावर चढतो तोच बिलं छापतो आणि तोच फॉर्म भरतो.

आणि ज्या दरीत मोबाइलला एक दांडीही येत नाही, तिथे रात्री टीव्ही हाच एक भोंगा आहे, हेही खरंच. म्हणून तर डबा काढून टाका असं म्हणता येत नाही. फुकट द्या असं म्हटलं की सगळे कागद चाळायला लागतात.

दरपत्रकासाठी संपर्क केला. "किती हेडएंड?" तीन. "एकूण ग्राहक?" तिन्ही मिळून चारशे दहा. पलीकडे बराच वेळ टंकायचा आवाज. "तीन घेतलेत तर सूट देता येईल."

तेवढ्यात साप्ताहिक चाचणी आली. शीर्षक तीनदा, शेवटची खूण तीनदा, सगळं स्वच्छ. डब्याने पट्टी छापली आणि हिरवा दिवा लावून बसला.