निघालेल्या सळईबद्दल : मालकाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, ‘दोन सळया मारल्या आणि आठवड्यानं जॅक लावून स्वतःच उपटल्या, त्यातली एक निघाली. ९ दिवस साईट बंद, वर टेस्टिंगचं बिल. शेजारच्या बंगल्याला असलं काही केलं नव्हतं. कच्चं काम.’ यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं खरं आहे.

शेजारची माती अडवायची भिंत आरसीसीची. पायातून वर चढवली, मागं भराव टाकला, विषय संपला. तुमच्या प्लॉटमागं तेवढी जागाच नाही. उतार एकदम कापला तर वरचा रस्ता खाली येईल. म्हणून आपण वरून खाली उतरतोय. दीड मीटर कापायचं, मातीत भोक पाडून २५ मिलीमीटर जाडीची सळई घालायची, भोवती सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ कालवण भरायचं, जाळी, शॉटक्रीट म्हणजे फवारलेलं काँक्रीट, मग पुढचा दीड मीटर. अशा कामात सळई सहसा तुटत नाही, मातीतून निसटते. ग्राउटनं माती किती धरलीय ते डोळ्यांना दिसत नाही, ओढूनच बघावं लागतं.

त्या दोन सळया ओढण्यासाठीच मारल्या होत्या. भिंतीच्या ६४ सळयांमध्ये त्या धरलेल्याच नाहीत. ग्राउट ७ दिवस मुरू दिलं, कारण ओलं असताना ओढलं तर मातीची नाही, ग्राउटचीच परीक्षा होते. डिझाइनचा भार ६ टन. आपण दीडपट, म्हणजे ९ टनांवर तासभर थांबतो. ६व्या ते ६०व्या मिनिटात सळई २ मिलीच्या आत सरकली पाहिजे. मग दुप्पट, १२ टन. वरच्या मुरमातली सळई हे सगळं करून जाग्यावर राहिली.

खालच्या अंगाला, उघड्या कडेत मारलेली मात्र ९ टनांवर थांबेना. पंप मारला की काटा चढायचा, हात सोडला की प्रेशर उतरायचं. २० मिनिटांत ४ मिलीच्या वर गेली, तिथंच थांबवली. भोकातून निघालेली माती आठवते का? तुमच्यासमोरच मुकादमानं तिचा गोळा वळून दाखवला होता. पिवळी चिकण, हाताला ओल. वरच्या उसाच्या शेताचं पाणी तिथं मुरतंय. २०२१च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता खचला तेव्हा मुरलेलं पाणी काय करतं ते अख्ख्या कोल्हापूरनं बघितलंय.

म्हणून खालच्या दोन ओळींतल्या सळया ६ ऐवजी ८ मीटरच्या झाल्या आणि पाणी निघायला जादा पाईप आले. आकडा डिझायनरचा आहे, माझ्या मनचा नाही. ही सळई आत्ता निघाली नसती तर भर पावसात तुमच्या बाकीच्या सळयांनी हेच केलं असतं.

आता आमची चूक. टेस्टच्या पहिल्या दिवशी आमच्या पोरानं डायल गेजचा, म्हणजे सळई किती सरकली ते मोजणाऱ्या काट्याचा स्टँड जॅकखालच्या फळीवरच टेकवला. जॅक दाबला की फळी मातीत रुतते, तिच्याबरोबर स्टँड आत जातो आणि सळई उगाच जास्त सरकल्यासारखी दिसते. दोन टनांवरच लक्षात आलं, टेस्ट बंद केली, दुसऱ्या दिवशी स्टँड लांब वेगळा रोवून परत केली. तो एक दिवस सर्वस्वी आमचा. त्याचं जॅकचं भाडं आणि मजुरी तुमच्या बिलातून काढलीय, सुधारित बिल आज पाठवतो.

दुसरी चूक माझी स्वतःची. कोटेशनमध्ये ‘टेस्टिंग’ एवढा एकच शब्द होता. सळया मारून परत ओढणार, हे कामाच्या आधी तुमच्यासमोर बसून सांगायला पाहिजे होतं. घरमालकानं सकाळी साईटवर यावं आणि आपल्या पैशाची सळई बाहेर येताना बघावी, तर कुणालाही राग येणारच.

अजून चार टेस्ट बाकी आहेत, त्या मात्र भिंतीतल्याच सळयांवर. शंभरात पाच या हिशेबानं ६४ला तीनच्या वर, म्हणून चार. त्या दीडपटीपर्यंतच ओढायच्या आणि १० मिनिटं धरायच्या. पहिल्या ते दहाव्या मिनिटात १ मिलीच्या आत राहिल्या की पास, आणि त्या भिंतीतच राहतात. पहिली बुधवारी सकाळी दहाला आहे. तुम्ही या, काट्यासमोर उभं राहून रीडिंग तुम्हीच लिहून घ्या. येताना वहिनींनाही आणा, फोनवर त्यांचे प्रश्न तुमच्यापेक्षा जास्त होते.