वॉर्बलर आले, मान सांभाळा

सप्टेंबर संपत आला की पक्षीनिरीक्षकांत दोन तट पडतात. एक, रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची वाट पाहणारे सुखी जीव. दुसरे आम्ही, वॉर्बलर नावाच्या चिमुकल्या, किडे टिपणाऱ्या पक्ष्यांमागे लागलेले वॉर्बलरवाले. रोहित ओळखायला दुर्बीणसुद्धा लागत नाही. आमच्या वाट्याला येतो तो जेमतेम आठ ग्रॅमचा ऐवज: हिरवट म्हणावा तर मळकट, मळकट म्हणावा तर हिरवट. हिमालय, सायबेरिया अशा लांबच्या मुलखातून उडत येतो आणि नेमका शेंड्याच्या पानाआड बसतो. बसतो कसला, क्षणभर टेकतो.

पुस्तकात सगळं सोपं असतं. ग्रीनिश वॉर्बलरच्या पंखावर एक बारीक फिकट पट्टी, ह्यूम्सच्या दोन, सल्फर-बेलीडला एकही नाही. वाचून उमेद वाढते. मग कळतं, पिसं झिजली की ग्रीनिशची पट्टीही दिसेनाशी होते. म्हणजे पट्टी असली तर ग्रीनिश आणि नसली तरी ग्रीनिश असू शकतो! मग म्हणतात, भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ बघा. अहो, भुवई या सगळ्यांनाच आहे. पायांचा रंग बघा म्हणणाऱ्याला तर एकदा आंब्याखाली मान वर करून उभं केलं पाहिजे. खालून फक्त पोट दिसतं. तेही मुळात पिवळं की पानांतून झिरपलेल्या उजेडानं पिवळं, देव जाणे.

प्रत्येक गटात एक जाणकार असतातच. ते वर न बघताच म्हणतात, "ग्रीनिश. आवाज ऐकला नाहीत?"

मला धीर येतो तो थोरामोठ्यांच्या फजितीनं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ह्यूमसाहेबांनी १८६७ साली सतलजच्या खोऱ्यात लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलरचा एक नमुना मिळवला. त्यानंतर हा पक्षी जिवंत असा कुणाच्या हाती लागला तो थेट २००६ साली, थायलंडमध्ये, आणि खात्री पटायला डीएनए तपासावा लागला. मग संग्रहालयांतले जुने नमुने पुन्हा पाहिले, तर ब्लाइथ्स रीड वॉर्बलरच्या चिठ्ठ्या लावून हेच महाशय तिथे पडलेले! मेलेला पक्षी, हातात, टेबलावर, भरपूर उजेडात. तरी चुकले.

तेव्हापासून मी यादीत बिनदिक्कत 'लीफ वॉर्बलर, प्रजाती अनिश्चित' असं लिहितो. परवा ते वाचून जाणकारांनी भुवया उंचावल्या. त्या मात्र मला अगदी स्पष्ट दिसल्या.