ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनने हार्ट अटॅक टळतो? नाही.

"वाढलेलं पोट हा खाण्याचा दोष नाही, ग्रोथ हार्मोन कमी पडल्याचा आजार आहे. इंजेक्शन घ्या. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की पोटातली चरबी १८ टक्के वितळते, हार्ट अटॅकचा धोका संपतो. हे हार्मोन शरीरातच बनतं, म्हणून दुष्परिणाम शून्य. इंजेक्शन नको असेल तर जिभेखाली मारायचा स्प्रे आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मग बंद करा."

हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. तो वाचून माझ्या काकांनी रोजची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी थांबवली. काकांना स्टेंट बसवलेला आहे, शिवाय मधुमेह आहे. त्यामुळे मी मेसेजच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण जिवावर बेतणारं वाक्य ते आहे.

मेसेजवाल्यांना स्वीडनचं एवढं कौतुक असेल तर त्यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेली ४एस ही चाचणी बघावी. स्वीडनसह उत्तर युरोपातल्या देशांतले ४,४४४ रुग्ण, सगळे अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणं) असलेले किंवा आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले. निम्म्यांना सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली खोटी गोळी. पाच वर्षांहून थोड्या जास्त काळात खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण दगावले, सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. हिशोब जिवंत राहिलेल्या माणसांचा आहे, पोटाच्या घेराचा नाही. ग्रोथ हार्मोनच्या बाजूने असा एकही आकडा नाही. पोट सुटलेल्या माणसांना ते देऊन हार्ट अटॅक किंवा मृत्यू कमी झाले, असं दाखवणारी चाचणीच झालेली नाही. ज्या औषधाने माणसं वाचली ते सोडा आणि ज्याने वाचतात की नाही हे कुणी तपासलंच नाही ते घ्या, असा हा सल्ला आहे. स्टेंट असलेल्या माणसाला तो देताना जराही विचार करावासा वाटला नाही?

आता तो १८ टक्क्यांचा अभ्यास. तो खरा आहे, एवढं मान्य करावं लागेल. १९९७ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी तो प्रसिद्ध केला. पण त्यात पुरुष होते फक्त ३०, वय ४८ ते ६६, आणि तेही दोन गटांत विभागलेले. मुदत नऊ महिने. पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी सुमारे १८ टक्के घटली. कातडीखालची जेमतेम ६ टक्के. कोलेस्टेरॉल उतरलं, रक्तदाबाचा खालचा आकडा थोडा कमी झाला, वरचा होता तिथेच राहिला. सहाव्या आठवड्यात मात्र त्यांचं शरीर इन्सुलिनला आधीपेक्षा कमी दाद देत होतं. सुधारणा नंतर दिसली. मेसेजमध्ये यातलं काही नाही. तीस माणसांच्या नऊ महिन्यांवरून हार्ट अटॅकबद्दल काहीच सांगता येत नाही.

"दुष्परिणाम शून्य" हे वाचून तर संताप होतो. हे हार्मोन बनवणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ होऊन तेच जास्त झरायला लागलं की ॲक्रोमेगली हा आजार होतो. जबडा पुढे येतो, हातपाय रुंदावतात, रक्तदाब चढतो, मधुमेह लागतो, हृदयाचा स्नायू जाड होतो. उपचार झाले नाहीत तर असे रुग्ण बऱ्याचदा हृदयविकारानेच जातात. शरीरात बनतं म्हणून निर्धोक, हा तर्क इथेच संपतो. बाहेरून मापात दिलं तरी अंगावर सूज येते, सांधे दुखतात, मनगटातली नस दबून बोटं बधिर होतात. निरोगी वृद्धांवरच्या चाचण्यांचा २००७ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात चरबी सुमारे दोन किलो कमी झाली, वजनात म्हणण्यासारखा फरक नाही, आणि वरचे सगळे त्रास दिसले. साखर बिघडण्याकडेही कल होता. हे हार्मोन मुळात इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतं. मधुमेही माणसाने ते स्वतःच्या मनाने टोचून घेणं म्हणजे आगीत तेल.

पोट सुटलेल्यांमध्ये ग्रोथ हार्मोन कमी आढळतं, हे अर्धसत्य आहे. चरबी वाढली की त्याचं स्रवणं मंदावतं आणि वजन भरपूर उतरलं की ते बऱ्याच अंशी पूर्ववत होतं. मेसेजने कारण आणि परिणाम उलटे लावलेत. एका रक्ततपासणीवरून "कमतरता" शोधून देणाऱ्यांपासूनही दूर राहा. हे हार्मोन दिवसभर थांबून थांबून झोताने येतं, सगळ्यात जास्त गाढ झोपेत. मधल्या वेळी रक्त काढलं तर धडधाकट माणसातही ते नगण्य दिसतं.

स्प्रेवर जास्त लिहायची गरज नाही. १९१ अमिनो आम्लांचं हे प्रथिन पोटात गेलं की पचतं, आणि इतका मोठा रेणू जिभेखालूनही रक्तात उतरत नाही.

ज्यांची पिट्युटरी खरोखर निकामी झाली आहे, गाठीमुळे, शस्त्रक्रियेमुळे किंवा किरणोपचारामुळे, त्यांचं पोट सुटतं, कोलेस्टेरॉल बिघडतं आणि त्यांना या हार्मोनचा उपयोग होतो. त्यांचं निदान उत्तेजन चाचणी करून होतं, म्हणजे औषध देऊन ग्रंथी हार्मोन सोडते का ते बघून; मात्रा आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात तयार होणारा रक्तातला घटक) मोजत हळूहळू वाढवली जाते आणि साखरेवर सतत लक्ष ठेवलं जातं. काकांची पिट्युटरी कधी कुणी तपासलेलीच नाही. त्यांना ती तपासायची असेल तर एंडोक्रिनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरकडे मी स्वतः घेऊन जाईन. स्टॅटिनची गोळी मात्र बंद करायची नाही.